मॅकबेथला महत्त्वाकांक्षेनं बुडवलं नाही

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात स्कॉटलंडचा सेनापती मॅकबेथ राजा डंकनचा खून करून गादी बळकावतो आणि शेवटी स्वतःही मारला जातो. शोकांतिकेचा विषय निघाला की त्याच्याबद्दल एक वाक्य हमखास येतं: 'अति महत्त्वाकांक्षेनं मॅकबेथचा घात केला.' परीक्षेत याला गुण मिळतात म्हणून ते इतकी वर्षं तग धरून आहे, असा माझा संशय आहे. नाटक शांतपणे वाचलं तर ते पहिल्याच अंकात डळमळायला लागतं.

चेटकिणी मॅकबेथला 'तू राजा होशील' एवढंच सांगतात. खून कर, असं त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडी नाही. त्याचा सहकारी सेनापती बँक्वो त्याच्या शेजारीच उभा असतो. त्याच्या वंशात राजे होतील, हे तोही ऐकतो आणि सैतान छोटी छोटी खरी गोष्ट सांगून मोठ्या गोष्टीत फसवतो, असा इशाराही देतो. मॅकबेथच्या डोक्यात खुनाचा विचार लगेच येतो हे खरं, पण त्याला स्वतःलाच त्याची भीती वाटते. नशिबात राज्य असेल तर मी काही न करताही मिळेल, असं म्हणून तो विषय बाजूला सारू बघतो. महत्त्वाकांक्षेनं झपाटलेला माणूस असा बोलतो का?

पुढे डंकन त्याच्याच किल्ल्यात मुक्कामाला येतो तेव्हा मॅकबेथ एकटाच बाहेर येऊन हिशेब मांडतो. हा माझा नातलग, माझा राजा आणि आज माझा पाहुणा. शिवाय माणूस सौम्य, कारभार स्वच्छ. खुनाच्या बाजूनं काय, तर नुसती महत्त्वाकांक्षा, आणि तीही उडी मारायला जाऊन पलीकडे आपटणारी. हे त्याचं त्यालाच कळलेलं आहे. आपण आज जो आरोप त्याच्यावर ठेवतो तो त्यानं स्वतःवर आधीच ठेवलाय आणि त्यावर निकालही दिलाय. बायको आली की तो सरळ सांगतो, हे प्रकरण इथंच थांबवायचं. लोक नुकतेच चांगलं बोलायला लागलेत, ते सुख तरी जरा भोगू दे.

म्हणजे त्या क्षणी महत्त्वाकांक्षा हरलेली आहे. नाटक तिथंच संपायला हवं होतं.

मग फासे कशानं उलटतात? लेडी मॅकबेथ त्याला सिंहासनाचं वैभव वर्णन करून सांगत नाही. ती त्याला भेकड म्हणते. पुरुषाला शोभेल ते सगळं मी करतो, त्यापलीकडे जाणारा पुरुषच नव्हे, असं उत्तर तो देतो. फार सुंदर उत्तर आहे, पण टिकत नाही. हे करायची हिंमत होती तेव्हा तू पुरुष होतास, असं ती सुनावते. थोड्याच वेळात त्याचा प्रश्न 'करावं का?' हा राहत नाही, 'फसलो तर?' हा होतो.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. ज्या माणसाची सगळी ओळख शौर्यावर उभी आहे, त्याला 'घाबरट' हा शब्द सहन होत नाही. नाटकाच्या सुरुवातीला एक जखमी सैनिक राजाला रणांगणाची हकिकत सांगतो: मॅकबेथनं बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत फाडला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. हे ऐकून सौम्य, सज्जन डंकन काय म्हणतो? वा, काय शूर वीर! मॅकबेथचा हात जे करायला शिकला त्याला दाद राजानंच दिली होती. त्याच हातानं राजा मेला.

ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय की शोकांतिकेचा नायक फार पुण्यवानही नसावा आणि नीचही नसावा; कुठल्याशा चुकीमुळे तो कोसळावा. आपण या चुकीचा अर्थ 'दुर्गुण' असा करून बसलो आणि प्रत्येक नायकाच्या गळ्यात एकेक पाटी अडकवली. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर. मग ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या नाटकातल्या इडिपस राजाच्या गळ्यात कुठली अडकवणार? स्फिंक्स नावाच्या राक्षसिणीचं कोडं सोडवून त्यानं थीब्ज शहर वाचवलं. कोडं अर्धवट सोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस म्हणतो विचारू नकोस, राणी योकास्टा गयावया करते, म्हातारा मेंढपाळ हातापाया पडतो, तरी जुन्या राजाचा खुनी कोण आणि आपण कोण, हे हा विचारतच राहतो. ज्या गुणानं राज्य दिलं त्याच गुणानं शेवटी स्वतःचे डोळे फोडून घ्यायची वेळ आणली. राज्याची हाव म्हणाल तर त्याच नाटकात राणीचा भाऊ क्रिऑन याचा युक्तिवाद ऐका: राजाइतकाच मान मला रात्रीची झोप न गमावता मिळतोय, तर मी राजा कशाला होऊ?

परत मॅकबेथकडे. मुकुट मिळाल्यावर तरी त्याची महत्त्वाकांक्षा दिसते का? राजा म्हणून त्याचं पहिलं स्वगत आहे ते भीतीचं: नुसतं राजा असणं काहीच नाही, सुरक्षित राजा असायला हवं. बँक्वोला मारतो तो भीतीपोटी. मॅकडफ या विरोधी सरदाराच्या बायकामुलांची कत्तल करवतो तेव्हा मॅकडफ इंग्लंडला निसटलेला असतो. त्या खुनांतून मिळण्यासारखं काहीच नसतं. मेजवानीला बसायला जातो, तर त्याच्या जागेवर बँक्वोचं भूत बसलेलं. अख्ख्या नाटकात त्याला राज्य भोगताना दाखवणारा एकही प्रसंग नाही.

आणि हे शेक्सपिअरनं जाणूनबुजून केलंय, असं मला वाटतं. इतिहासातल्या मॅकबेथनं 1040 ते 1057 अशी 17 वर्षं स्कॉटलंडवर राज्य केलं. डंकन त्याच्याशी झालेल्या लढाईत मेला, पाहुणा म्हणून झोपेत नव्हे. मधे 1050 मध्ये मॅकबेथ रोमची यात्राही करून आला. हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या ज्या बखरीवरून शेक्सपिअरनं कथानक घेतलं, तिच्यातही मॅकबेथचा सुरुवातीचा कारभार चांगला आहे आणि बँक्वो कटात सामील आहे. बँक्वोला निर्दोष दाखवण्याचं कारण उघड आहे: 1603 पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला जेम्स स्वतःला त्याचा वंशज मानत होता. पण ती चांगली वर्षं का कापली? महत्त्वाकांक्षेची गोष्ट सांगायची असती तर हीच वर्षं कामाची होती. ती गेली आणि खून ते पतन एवढाच उतार उरला.

शेवटी शेवटी तर मॅकबेथ जे मागतो ते ऐकून पोटात कालवतं. म्हातारपणी माणसाला मान, प्रेम, मित्रांचा गोतावळा असावा, ते मला मिळणार नाही, असं तो म्हणतो. त्या यादीत मुकुट नाही.

आणि मग मॅकडफ समोर येतो. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला इजा करू शकणार नाही, या भविष्यवाणीवर मॅकबेथ विसंबलेला असतो. आपण स्त्रीच्या पोटी नैसर्गिकरीत्या जन्मलो नाही, हे मॅकडफनं सांगताच मॅकबेथचं उरलंसुरलं अवसान गळतं. मी तुझ्याशी लढणार नाही, म्हणतो तो. मॅकडफ उत्तर देतो: मग शरण ये, भेकडा, आणि लोकांना बघायला तमाशा म्हणून जग. तोच शब्द, जो पहिल्या अंकात बायकोनं वापरला होता. आता जिंकण्याची आशा नाही, राखायला राज्य नाही, कुठल्या भविष्यवाणीचा आधार नाही. तरी तो ढाल पुढे करून लढायला उभा राहतो.