शास्तीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

नमस्कार. 'वाढीव बांधकाम मागाहून नियमित होईलच, असं धरून चालू नका' या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत : "पंधरा वर्षं घरपट्टी भरतोय, शास्तीही (बेकायदा बांधकामावरचा दंड) भरली. पैसे घेताना पालिकेला बांधकाम चालतं, नियमित करा म्हटलं की बेकायदा? बड्यांचं सगळं खपतं, तुम्ही मात्र गरिबांना घाबरवता."

वर्षानुवर्षं पैसे घ्यायचे आणि मग एक दिवस नोटीस चिकटवायची, हा अन्यायच आहे. तरीही त्या पावत्यांवर विसंबू नका, असं मी पुन्हा सांगेन. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ज्या कलम २६७-अ खाली शास्ती लागते, त्याच कलमात म्हटलंय की कर आणि शास्ती वसूल केल्यानं बांधकाम नियमित ठरत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली शास्ती माफ झाली, ती फक्त शास्तीच. बांधकामांची कागदोपत्री स्थिती त्यानं बदलली नाही.

खरा रस्ता एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात आहे. बेकायदा बांधकाम हटवण्याची कलम ५३ ची नोटीस आली की तिच्यात दिलेल्या मुदतीतच कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवर बांधकाम पाडता येत नाही. नेमके हेच दिवस लोक नगरसेवकाच्या दारात घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. अर्ज केला म्हणजे मंजुरी मिळालीच असंही नाही. शिल्लक एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं, ती मर्यादा), सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), जागेवरचं आरक्षण हे सगळं तपासलं जातं. आधी विचारलं असतं तर जे मंजूर झालं असतं, साधारण तेच मागाहून मंजूर होतं.

बड्यांचं बरंच खपतं, हे खरं. पण मुंबईत वरळीचं कॅम्पा कोला हे इमारतींचं संकुल आठवा. परवानगी पाच मजल्यांची, एक इमारत गेली वीस मजल्यांवर. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली वरचे मजले नियमित करायला नकार दिला, आणि घर सोडायची वेळ आली ती फ्लॅट घेणाऱ्यांवर.

तुमची खोली मागच्या सामासिक अंतरात थोडी शिरलीय, असं तुम्हीच लिहिलंय. मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडून मोजमाप करून घ्या. तेवढाच भाग काढून उरलेल्याचा प्रस्ताव टाकता येईल का, ते त्यांना विचारा. त्याआधी नोटिशीवरची तारीख आणि मुदत बघा. मुदत उरली असेल, तर उद्याच जा.