‘हट्टापायी दिवाळखोर’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘त्रस्त करदाता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचे १९७७ ते १९७९ या काळातले तरुण महापौर डेनिस कुसिनिच यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण जी प्रतिक्रिया दिलीत, ती इतरांनाही कळावी म्हणून जशीच्या तशी देतो: “एकतीस वर्षांच्या पोरसवदा महापौराच्या हट्टापायी क्लीव्हलंडसारखं शहर दिवाळखोर झालं आणि तुम्ही त्याची आरती ओवाळताय. पोलीसप्रमुखाला टीव्हीवर काढून टाकणारा माणूस कसला लोकनेता? ज्या वीज खात्यासाठी एवढं रामायण घडलं, त्याची वीज आज स्वस्त आहे असंही नाही. साधं वय नीट लिहिता येत नाही. महापालिकेचं तोंड तरी पाहिलंय का कधी?”

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. कुसिनिच यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९४६चा आणि महापौरपदाची निवडणूक नोव्हेंबर १९७७ची. म्हणजे वय ३१. मी ३० लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘आरती’. माझ्या लेखात कुसिनिच यांचं कौतुक एका निर्णयापुरतं, शहराचं वीज खातं न विकण्यापुरतं, आहे आणि त्या निर्णयाची कारणं आकड्यांसह दिली आहेत. त्याला आरती म्हणणं म्हणजे मुद्दा न वाचता माणसाला भक्त ठरवून मोकळं होणं. शेवटचा प्रश्न तर मला उद्देशूनच आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मी सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली आहेत. भांडवली जमेचा, म्हणजे बांधकामांसाठी उचललेला, पैसा महसुली म्हणजे रोजच्या खर्चाकडे वळवला की तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होतं, ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, हाताखालून गेलं आहे. तेव्हा महापालिकेचं तोंड पाहिलंय का, हे विचारण्याआधी आपण थोडं थांबायला हवं होतं.

‘पोरसवदा’ या शब्दाचंही तेच. तिकडचे लोक त्यांना ‘बॉय मेयर’ म्हणत, ते टोपणनाव होतं. आपण ते पुरावा म्हणून वापरलंत. सात भावंडांत थोरला असलेला हा मुलगा सतराव्या वर्षापर्यंत एकवीस ठिकाणी राहिला होता, त्यात काही वेळा मोटारीतही. १९६९मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो नगरसेवक झाला. १९७५मध्ये महापालिका न्यायालयाच्या लिपिकपदावर निवडून आला. तिकडे हे पद निवडणुकीने भरतात. महापौरपदाच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या मागे आठ वर्षांचं नगर राजकारण होतं. नागपुरात देवेंद्र फडणवीस १९९७मध्ये तिशीच्या आतच महापौर झाले, तिरुवनंतपुरममध्ये आर्या राजेंद्रन २०२०मध्ये एकविसाव्या वर्षी. वयावरून कारभार मोजायचा तर या सगळ्यांनाच आधी बाद करावं लागेल.

मात्र एक फरक ध्यानात घ्या, कारण आपल्याकडचा वाचक इथे हमखास घसरतो. आपल्या महापौराच्या हाती कार्यकारी अधिकार नसतात. मुंबईचा १८८८चा कायदा घ्या किंवा बाकीच्या महापालिकांचा १९४९चा घ्या, सही आयुक्ताची चालते. १९९८मध्ये मुंबई आणि नागपूरला ‘मेयर इन कौन्सिल’चा, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या मंडळाकडे देण्याचा, प्रयोग झाला, तो वर्षभरातच गुंडाळला गेला. क्लीव्हलंडचा महापौर थेट लोकांनी निवडलेला, तेव्हा दोन वर्षांच्या मुदतीचा, आणि खातेप्रमुख नेमणारा-काढणारा तोच. ३३ सदस्यांच्या सभागृहाने ठराव केला तरी नकाराधिकार त्याच्याकडे. म्हणून तिथे ‘महापौराने केलं’ या वाक्याला खरोखर अर्थ असतो.

आता आपलं पहिलं वाक्य. बाकीची बाजूला ठेवली तरी चालेल, पण या एका वाक्यात इतक्या चुका आहेत की त्याला सविस्तर उत्तर द्यावंच लागेल.

पहिली चूक ‘दिवाळखोर’ या शब्दात. दिवाळखोरी म्हणजे न्यायालयात अर्ज करून आम्हाला देणी फेडता येत नाहीत असं सांगणं. डेट्रॉइटने २०१३मध्ये ते केलं. क्लीव्हलंडने कधीच केलं नाही. १५ डिसेंबर १९७८, शुक्रवारी, मध्यरात्री क्लीव्हलंडचं जे झालं ते ‘डिफॉल्ट’: ठरावीक नोटांची, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जाच्या कागदांची, परतफेड मुदतीत झाली नाही. सहा स्थानिक बँकांकडच्या सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरच्या नोटा होत्या. महामंदीनंतर एखाद्या मोठ्या अमेरिकी शहरावर अशी पाळी पहिल्यांदाच आली, ही नामुष्की खरीच. पण हप्ता चुकणारा आणि दिवाळं काढणारा यांतला फरक कोणत्याही पतपेढीतला कारकून सांगेल.

दुसरी चूक ‘हट्टापायी’ या शब्दात. नोट म्हणजे काय ते आधी पाहू. पूल, गटारं, रस्ते अशा कामांसाठी शहराला लांब मुदतीचे रोखे काढायचे असतात. रोखे विकले जाईपर्यंत काम अडू नये म्हणून बँकांकडून अल्पमुदतीची उचल घ्यायची आणि तिची नोट लिहून द्यायची. मुदत भरली की तीन वाटा उरतात. रोखे विकून आलेल्या पैशातून नोट फेडायची, तिजोरीतून फेडायची, नाहीतर बँकेने नोटेला मुदतवाढ द्यायची. ही तिसरी वाट रोजच्या वहिवाटीची असते. व्याज भरलं की नोट पुढे सरकते.

गडबड कुठे होते? कामासाठी उचललेला पैसा पगार आणि इंधनावर खर्च झाला की. पूल उभा राहत नाही, कर्ज तेवढं राहतं, आणि पुढच्या वर्षीचा पगार पुन्हा आ वासून समोर असतो. क्लीव्हलंडमध्ये हे कुसिनिच यांच्या आधीचे महापौर राल्फ पर्क यांच्या काळात झालं. शहराची लोकसंख्या १९७०च्या साडेसात लाखांवरून १९८०पर्यंत पावणेसहा लाखांच्या खाली आली. करदाते निघून गेले. तेव्हा कर न वाढवता रोख्यांचा पैसा दैनंदिन खर्चात घातला गेला. १९७२मध्ये मलनिस्सारण यंत्रणा प्रादेशिक मंडळाकडे दिली, १९७५मध्ये बस आणि रेल्वे दिली. मालमत्ता हातची गेली, तूट तशीच राहिली. हिशेबाच्या वह्या अशा झाल्या होत्या की त्यांचं लेखापरीक्षण होऊ शकत नव्हतं. ज्या नोटा १५ डिसेंबरला समोर आल्या, त्या पर्क यांच्या काळातल्या होत्या. हट्ट कुणाचा, कर्ज कुणाचं, हे आपण एकदा कागद घेऊन मांडून बघा.

विकण्यासारखं जे उरलं होतं, त्यात ‘मुनी लाइट’ हे शहराचं वीज खातं होतं. महापौर टॉम जॉन्सन यांच्या काळापासून शहराची स्वतःची वीज असावी ही मागणी होती. न्यूटन बेकर १९११मध्ये तीन सेंटच्या विजेचं आश्वासन देऊन निवडून आले आणि १९१४मध्ये मोठं केंद्र सुरू झालं. मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, बेस्ट १९४७मध्ये महापालिकेच्या ताब्यात आली तेव्हापासून त्यांनी हा प्रकार घरच्यासारखा पाहिला आहे. क्लीव्हलंडमध्ये वेगळं एवढंच की काही रस्त्यांवर दोन्हींच्या तारा होत्या: एक मुनी लाइटची, एक ‘क्लीव्हलंड इलेक्ट्रिक इल्युमिनेटिंग’ या खासगी कंपनीची. ग्राहक एकीकडून दुसरीकडे जाऊ शकत होता. खासगी कंपनीचा दर रोखून धरणारी गोष्ट ती दुसरी तार होती.

मुनी लाइट खिळखिळं झालं होतं हे मी लेखातही लिहिलं होतं. पण का झालं? छोट्या केंद्राचा एक संच बंद पडला की शेजारच्या मोठ्या जाळ्यातून वीज घ्यावी लागते. ती जोडणी नसेल तर थेट अंधार. अंधार झाला की ग्राहक दुसऱ्या तारेवर जातो. ग्राहक गेला की दुरुस्तीला पैसा उरत नाही, आणि पुढचा संच बंद पडतो. ही जोडणी देताना खासगी कंपनीने स्पर्धा मारण्याचे प्रकार केले, असा निष्कर्ष तिच्याच अणुऊर्जा परवान्याच्या सुनावणीत १९७७मध्ये निघाला. पुढे महापालिकेने कंपनीचं जे वीजबिल थकवलं होतं, त्यापोटी महापालिकेच्या मालमत्तेवर जप्तीच्या चिठ्ठ्या लागल्या. कुसिनिच यांनी खर्च कापून ते बिल भरलं. हट्टी आणि पोरसवदा माणूस बिल भरत नाही.

आता १५ डिसेंबर. सर्वांत मोठी बँक क्लीव्हलंड ट्रस्ट. तिच्या संचालकांपैकी काही जण खासगी वीज कंपनीच्याही संचालक मंडळावर होते. कुसिनिच यांचं म्हणणं असं की मुनी लाइट विकलं तरच मुदतवाढ, असं त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं. बँकेचं म्हणणं असं की शहराचे हिशेब भरवशाचे नव्हते. दोन्ही बाजू मी लेखात दिल्या होत्या. आपण त्या वाचल्या नाहीत असं दिसतं. सभागृहाचे अध्यक्ष जॉर्ज फोर्ब्स विक्रीच्या बाजूने, महापौर विरोधात, मध्यरात्र झाली आणि नोटा थकल्या.

समजा, विकलं असतं. नोटा फिटल्या असत्या. पण पुढच्या वर्षीची तूट? ती नोटांमुळे नव्हती, उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असल्यामुळे होती. वर रस्त्यांवरच्या दिव्यांचं बिल परक्या कंपनीला भरावं लागलं असतं. तुटीवर औषध एकच होतं, कर. तो प्रश्न कुसिनिच यांनी लोकांपुढे ठेवला. २७ फेब्रुवारी १९७९ला मतदान झालं: आयकर एक टक्क्यावरून दीड टक्का करायचा का, आणि मुनी लाइट विकायचं का. दहा हजार डॉलर कमावणाऱ्या कामगाराचा कर शंभरावरून दीडशे डॉलरवर जाणार होता. तरी लोकांनी करवाढीला होकार आणि विक्रीला नकार दिला, दोन्ही वेळा सुमारे दोनास एक मताने. आपण स्वतःला करदाता म्हणवता. त्या शहरातल्या करदात्यांनी स्वतःच्या खिशातून काय निवडलं, याला आपल्या प्रतिक्रियेत एका शब्दाचीही जागा नाही.

त्याच लोकांनी नोव्हेंबर १९७९मध्ये त्यांना पाडून जॉर्ज व्हॉइनोविच यांना निवडलं, हे मी लपवलेलं नाही. व्हॉइनोविच यांनी १९८०मध्ये शहराला थकबाकीतून बाहेर काढलं, १९८१मध्ये आयकर दोन टक्के केला, आणि मुनी लाइट त्यांनीही विकलं नाही. १९८३पासून ते ‘क्लीव्हलंड पब्लिक पॉवर’ या नावाने चालतं. १९९८मध्ये शहराच्या सभागृहाने न विकण्याच्या त्या निर्णयाबद्दल कुसिनिच यांचा सन्मान केला. मधल्या काळात ते राजकारणातून जवळजवळ बाहेर फेकले गेले होते. १९९४मध्ये ओहायो राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहासाठी, उभे राहिले तेव्हा त्यांच्या प्रचाराची खूण विजेचा दिवा होती. नंतर १९९७ ते २०१३ काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य, २००४ आणि २००८ला देशाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे प्रयत्न. २०२१मध्ये पुन्हा महापौरपदासाठी उभे राहिले, पहिल्या फेरीत तिसरे आले. निवडून आले ते चौतीस वर्षांचे जस्टिन बिब.

पोलीसप्रमुख रिचर्ड हाँगिस्टो यांना मार्च १९७८मध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, थेट प्रक्षेपणात काढलं. पद्धत वाईट होती. त्यातून महापौरांना मतदानाने परत बोलावण्याची, म्हणजे मुदतीआधीच पदावरून काढण्याची, मोहीम उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये महापौर फक्त २३६ मतांनी वाचले. यापलीकडे त्यात माझ्या विषयाचं काही नाही. आजच्या दरांचा मुद्दाही तसाच. १९७८च्या निर्णयाचा हिशेब आजच्या बिलावरून लावायचा असेल तर त्यासाठी वेगळा लेख लागेल.

नोटांची मुदतवाढ शक्यच नव्हती, असं दाखवणारं काही आपल्याकडे असेल तर जरूर लिहा, मी छापेन. ‘आरती’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा.