माणसाचा नेम नाही, मग मॉडेल कशाला?

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे म्हणून उत्तरही लांबलंय, सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस कधी कसा वागेल याचा नेम नाही, त्यामुळे वागण्याचा डेटा घेऊन साथीचं मॉडेल, म्हणजे साथ कशी पसरेल याचं गणित, करणं म्हणजे नुसता आकड्यांचा थाट. पुरावा म्हणून इबोलाच्या साथीचा फसलेला १४ लाख रुग्णांचा अंदाज आणि गुगल फ्लू ट्रेंड्स (लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लू किती पसरलाय ते सांगणारी गुगलची सेवा), आणि वर हा सगळा पाळत ठेवायचा धंदा आहे हेही.

इबोलापासून घेऊ. सप्टेंबर २०१४ मधे अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोग नियंत्रणाची सरकारी संस्था) १४ लाखांचा आकडा दिला खरा, पण तो पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया आणि सिएरा लिओनसाठी, जानेवारी २०१५ पर्यंतचा आणि अट घालून दिलेला होता: जादा उपाय झाले नाहीत आणि लोक आहेत तसेच वागत राहिले तर. बातम्यांमधे अट गळाली, आकडा तेवढा उरला. त्याच अहवालात हेही होतं की ७० टक्के रुग्ण उपचार केंद्रात किंवा लागण कमी होईल अशा सोयीत ठेवले आणि दफनही सुरक्षित झालं तर साथ उतरेल. तिथे मृतदेहाला आंघोळ घालायची, हात लावून निरोप द्यायची रीत, आणि इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरातून लागण होते, त्यामुळे दफन पथकं आली, लोकांनी आपणहूनही बरंच सोडलं, आणि शेवटी गिनी धरून तिन्ही देशांत नोंदले गेलेले रुग्ण २८,६०० च्या आसपास. म्हणजे वागणं बदललं म्हणून आकडा चुकला, मग हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं की! तोच वेग धरून चार महिने पुढे ताणणं मलाही पटत नाही, ते सोडा.

फ्लू ट्रेंड्सवर फार बोलण्यासारखं नाही. २००८ ला सुरू, २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट हुकली, २०१२-१३ ला आकडे अव्वाच्या सव्वा, २०१५ ला बंद. टीव्हीवर फ्लूची बातमी आली की धडधाकट माणूस पण लक्षणं सर्च करतो, आणि सर्चवरून कोण कोणाला भेटलं हे कळत नाही.

मला म्हणायचंय तो डेटा हा भेटीगाठींचा. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मधे साथीचं जे गणिती मॉडेल मांडलं, त्याच्या साध्या रूपात कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो, जे खऱ्या आयुष्यात होत नाही हे तुम्ही-आम्ही सगळेच जाणतो. म्हणून युरोपातल्या आठ देशांत पॉलीमॉड नावाचा सर्व्हे झाला (२००८ ला छापून आला), त्यात ७,२९० लोकांनी एका दिवसाची डायरी भरली: भेटलेल्याचं वय, जागा, किती वेळ, आणि भेट कशाला म्हणायचं तर अंगाला स्पर्श किंवा समोरासमोर निदान तीन शब्दांचं बोलणं. ९७,९०४ भेटी जमल्या. शाळकरी पोरं सगळ्यात जास्त आपल्याच वयाच्या पोरांत आणि मग घरी आईबापांत, हे त्यात आकड्यांनिशी दिसलं. याला काय नवीन असं म्हणाल, पण शाळा बंद केल्या तर साथीवर किती फरक पडेल हे काढायला कोणत्या वयाचा माणूस कोणत्या वयाच्या किती जणांना भेटतो याचा हाच तक्ता लागतो. तुम्ही उद्या कोणाला भेटणार हे त्यातून कोणी सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही.

पाळतीचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. केनियात जवळपास दीड कोटी मोबाइलच्या नोंदींवरून मलेरियाचे जंतू लोकांबरोबर कुठून कुठे जातात ते काढलं, २०१२ चं काम, फार उपयोगाचं. पण २०१३ मधे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की नावं काढली तरी नुसत्या चार जागा आणि वेळा माहीत असल्या तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता येतात. म्हणून नाव काढलंय, आता काळजी नको, असं कोणी म्हणालं तर मी तुमच्याच बाजूने भांडेन. संशोधकाला एका टॉवरच्या भागातून दुसऱ्या भागात किती जण गेले एवढी बेरीजच द्यावी, एकेका माणसाची वाट कंपनीबाहेर जाऊच नये. शिवाय ज्याच्याकडे फोनच नाही तो या बेरजेत येत नाही, आणि आजार त्याला सोडतो थोडाच, म्हणून डायरीवाले सर्व्हे फोनच्या जमान्यातही करत राहायला हवेत असं माझं मत.