दीड हजार तिचे, बचत मात्र आपली?

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला. "कामवाल्या बायकांना आता लाडकी बहिणीचे 1500 मिळतात. यंदा पगारवाढ नको. सगळ्यांनी एकच रेट धरूया." खाली अंगठ्यांची रांग! डोकंच फिरलं.

म्हणजे सरकारने तिला द्यायचे आणि वाचणार आपले. मग ही लाडकी बहीण नक्की कोण?

हिशोबच करू या. 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. जून 2025 मध्ये पुण्यातल्या पीएमपी बसचा महिन्याचा पास 900 वरून 1500 वर गेला. अप्पर इंदिरानगरहून बस बदलून कोथरूडला येणारीने पास काढला की संपले दीड हजार. शिवाय लाडकी बहिणीच्या ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीला, तिच्या आधारचा ओटीपी लागतो, वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. नवऱ्याचा जुना नंबर बंद पडलेला असला की मारा सेवा केंद्राच्या फेऱ्या. त्या फेरीचा खाडा कोण कापतं? आपणच.

खाड्याची तर वेगळीच गंमत. धुणं-भांडी-फरशीचे महिना 3000 ठरले, की तिसाने भागून खाड्याचे 100. त्या तिसात चारही रविवार आले, म्हणजे तिला साप्ताहिक सुट्टी नाहीच. सरळ हिशोब असा: महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी, त्यापुढचाच खाडा कापायचा. आपण आठ दिवस गावाला गेलो तर तो खाडा तिचा नव्हे, त्याचे पैसे द्यायचे. भांडी चार माणसांची ठरवली आणि सासू-सासरे महिनाभर राहायला आले, तर त्या महिन्याचा दर सहा माणसांचा. हे कामाला ठेवतानाच बोलून घ्यावं, नंतर कुरबूर होते.

हो, काही जणी न सांगता दांडी मारतात आणि फोनही उचलत नाहीत. मान्य.

पेन्शनवर भागवणाऱ्या आजी-आजोबांवर माझा राग नाही. त्यांना खरंच जड जातं. त्यांनी काम कमी करून घ्यावं. फरशी एक दिवसाआड, कपडे मशीनला, वरची झाडलोट आठवड्यातून एकदा. पण काम तेवढंच ठेवून दर पाडायचा, तोही सगळ्यांनी मिळून? बायकांनी एकत्र येऊन दर ठरवला की तिला युनियनबाजी म्हणणारे हेच लोक. 1980 मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. दिवाळीचा बोनस आणि हक्काची सुट्टी त्यांच्या संघटनेने भांडून मागितली, आपल्या मोठ्या मनातून आली नाही.

आणि त्या मेसेजमधलं सगळ्यात चीड आणणारं काय, तर लाडकी बहिणीची अटच वर्षाला अडीच लाखांच्या आतल्या कुटुंबाची आहे. चार घरी राबूनही तिचं घर त्या आत बसतं, हे आपण गृहीत धरलंय. पगार आपणच देतो ना?

सरकारी योजनांवर एवढा भरवसा असेल तर ती आपल्याकडे काम करते असा दाखला तिला द्या. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, नोंदणी 18 ते 60 वयात होते आणि घरकाम करत असल्याचा पुरावा लागतो. तिथे मात्र "उगाच सही कशाला, उद्या काही लफडं झालं तर?" असं म्हणून हात वर. मंडळाचं 10,000 चं सन्मानधन 55 पूर्ण केलेल्या नोंदीत बाईलाच मिळतं. म्हणून नोंदणी आधी हवी आणि ती चालूही हवी. पंचावन्नाव्या वर्षी धावपळ करून उपयोग नाही. केंद्र सरकारच्या श्रमयोगी मानधन योजनेची 3000 ची पेन्शन तर चाळिशीनंतर सुरूच करता येत नाही. बेचाळिशीच्या बाईला म्हातारपणासाठी जे काही बाजूला टाकायचं, ते पगारातूनच.

दाखला चार ओळींचा असतो. तिचं नाव, आपला पत्ता, कोणतं काम कधीपासून, तारीख आणि सही. नमुना ग्रुपवर टाकला आहे. अजून तरी एकही अंगठा नाही.