३५०० किलो ओढते म्हणून हौद्यात कॅम्पर आणि मागे बोट? हिशोब असा होत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज चार ग्रुपांवरून माझ्याकडे आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पिकअपची ओढण्याची क्षमता ३५०० किलो आहे, बोट ट्रेलरसकट २२०० किलोची, म्हणजे १३०० किलो शिल्लक, तेवढ्यात हौद्यातला कॅम्पर (बोलेरो नव्हे, पिकअपच्या हौद्यात उचलून ठेवायची, झोपायची-राहायची खोली) आरामात बसतो. कॅम्परच्या वजनाने मागची चाकं दाबून धरली जातात आणि गाडी उलट स्थिर चालते. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले तर एअरबॅग (स्प्रिंगजवळ बसवायची हवेची पिशवी) टाका, हिच (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जोड) कॅम्परखाली लपत असेल तर एक्स्टेन्शन (हिच मागे लांबवणारी दांडी) लावा, ब्रेक गाडीचेच पुरतात. खाली अमेरिकेतल्या दोन गाड्यांचे फोटो.

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं वर्कशॉप आहे. हिच बसवणं, पाटे भरणं, ट्रेलरच्या चाकांचे हब खोलणं, हेच रोजचं काम. हा मेसेज दाखवून दोन गिऱ्हाइकांनी मला एक्स्टेन्शन बनवायला सांगितलं, दोघांनाही घरच्यांना घेऊन मांडव्याला जायचं होतं. म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक बेरजेतच आहे. ओढायचं वजन आणि वाहायचं वजन ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळवता येत नाही. कॅम्पर ओढला जात नाही, तो गाडीच्या पाठीवर बसतो. त्यामुळे त्याचा हिशोब आरसीवरच्या रिकाम्या आणि भरलेल्या वजनातल्या फरकाशी करायचा. त्यातल्या एका गिऱ्हाइकाला मी कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ वजनकाट्यावर नेलं. आरसीप्रमाणे रिकामी गाडी २१००, भरलेली २९००. म्हणजे हातात ८००. कॅम्पर विकणाऱ्याने वजन सांगितलं होतं ४५०, पण ते रिकाम्या खोलीचं. त्यात ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, शिवाय बॅटरी, शेगडी, सिलिंडर, गाद्या, भांडी. काट्यावर कॅम्पर भरला ६२०. नवरा-बायको आणि मुलगा मिळून १८०. झाले ८००. बोट अजून जोडलीच नव्हती.

बोट जोडली की ट्रेलरची मान हिचच्या बॉलवर टेकते. ट्रेलर सरळ चालायचा असेल तर त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार तिथे हवा, म्हणजे २२० किलो. हा भारही गाडीच पाठीवर घेते. गाडी ३१२० वर गेली, २२० किलो जास्त. मेसेजमध्ये या मानेच्या वजनाचा उल्लेखच नाही. ते वाचवायला बोट ट्रेलरवर मागे सरकवावी, असंही कोणी सुचवेल. तसं अजिबात करू नका. मानेवर भार कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

तिसरा आकडाही पाहावा लागतो. गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याची वेगळी मर्यादा असते. समजा ती ५८५० आहे. मग ३५०० चा ट्रेलर जोडल्यावर गाडीला उरतात २३५०. रिकामी गाडीच २१०० ची, म्हणजे माणसं, सामान सगळं २५० किलोत बसवायचं. मोठ्या अक्षरात छापलेला ३५०० हा आकडा जवळपास रिकाम्या गाडीचा असतो.

आता ‘मागे वजन असलं की गाडी स्थिर’ हे. यात अर्धं सत्य आहे. कॅम्परचं वजन मागच्या एक्सलच्या वर किंवा थोडं पुढे पडलं, तर गाडी खरंच शांत चालते. पण हिच एक्सलच्या मागे असते, आणि तिथे दाबलं की पुढची बाजू वर उचलली जाते, सी-सॉसारखी. कॅम्पर हौद्याबाहेर येतो म्हणून एक्स्टेन्शन लावलं की ती दांडी आणखी लांबते. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.१ मीटर धरा. बॉल मागच्या एक्सलपासून १.३ मीटरवर असेल तर २२० किलोच्या मानेमुळे पुढच्या चाकांवरून सुमारे ९२ किलो उचलले जातात. एक्स्टेन्शन लावून तोच बॉल २ मीटरवर नेला की १४२, आणि मागच्या एक्सलवर वाढतात ३६२. मान २२० चीच आहे, पण मागचे टायर ३६२ सोसतात. शिवाय लांबलेल्या दांडीमुळे हिचची स्वतःची क्षमताही उतरते, किती उतरते ते बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. लोखंडाच्या तुकड्याला वेल्डिंग करून बनवलेल्या एक्स्टेन्शनला असा आकडाच नसतो. मी ते बनवून देत नाही.

पुढची चाकं हलकी झाली की काय होतं हे मी स्वतः पाहिलंय. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर भरलेल्या हौद्यामागे एक लहान बोट मी आणत होतो. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं, मला वाटलं रस्ता गुळगुळीत आहे. शेजारून कंटेनर गेला, त्याच्या हवेने ट्रेलर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला, आणि तिसऱ्या झोक्याला आरशात फक्त बोटच दिसत होती. ब्रेकवर पाय जाणार तेवढ्यात मागे बसलेला आमचा जुना मिस्त्री ओरडला, “पाय काढ, ब्रेक नको!” ॲक्सिलेटर सोडला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, गाडी हळूहळू शांत झाली. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असते तर फक्त तेच दाबून तो ताणून सरळ करता आला असता. आता त्याच जागी उंच कॅम्पर ठेवा आणि वाशीच्या खाडीपुलावरचा आडवा वारा धरा.

एअरबॅगचं उत्तर छोटं आहे. त्या बसलेली गाडी वर उचलतात, क्षमता वाढवत नाहीत. एक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळं तेच राहतं. टायरवर ११२ लिहिलं असेल तर तो ११२० किलोचा, हवेची नळी लावून १२०० चा होत नाही. उलट गाडी सपाट दिसली की भार जास्त झालाय हे डोळ्यांना कळायचं बंद होतं.

ब्रेकबाबत मात्र मला फार काळजी वाटते. ३ टनांची गाडी आणि २.२ टनांची बोट, म्हणजे ५ टनांहून जास्त वजन, आणि ते थांबवायचं २९०० किलोसाठी बनवलेल्या ब्रेकने. वेग ४० वरून ६० केला की जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. मुंब्रा बायपासचा उतार किंवा अलिबागच्या वाटेवरची कार्लेखिंड उतरताना लाइनर तापून वास यायला लागतो आणि पेडल खाली जातं. या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाकायचा. पोचल्यावर ट्रेलर लगेच खाऱ्या पाण्यात उतरवायचा नाही. गरम हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं, बेअरिंग परतीच्या वाटेत जातं. अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते. कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण, ते वेगळंच.

अमेरिकेतले फोटो खोटे नाहीत. पण त्यातल्या गाड्यांना मागे चार चाकं आहेत. तशा गाडीचं भरलेलं वजन ६३५० किलोपर्यंत जातं, तिथे दीड टनाचा कॅम्पर आणि बोट दोन्ही बसतात. या गिऱ्हाइकाच्या पिकअपचं भरलेलं वजन त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

त्या गिऱ्हाइकाने काट्याची पावती दोनदा वाचली. आता कॅम्पर त्याची पिकअप नेणार आहे आणि बोट त्याच्या मेव्हण्याची गाडी, हौदा रिकामा ठेवून. ट्रेलरचे ब्रेक या शनिवारी बसवतोय. रविवारी दोन्ही गाड्या पुन्हा कळंबोलीला काट्यावर, आधी पुढचं एक्सल, मग पूर्ण गाडी, मग ट्रेलर सोडून.