पॉल, पॉज आणि पाच तास

प्रवास पाच तासांचा होता. स्टिअरिंग माझ्या हातात, फोन दादाच्या हातात आणि मागच्या सीटवरून, दोन सीटच्या मधल्या फटीत मुंडकं घालून बसलेला माझा मेहुणा. दादा म्हणजे चुलत भाऊ, वय एकोणसाठ. मेहुणा बेचाळीसचा. दोघेही बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचे भक्त. देव वेगवेगळे असले की माणसं निदान सौजन्याने वागतात. एकाच देवाचे दोन भक्त एका गाडीत घालू नयेत, हे मला बायकोने निघताना सांगितलं होतं. ती स्वतः ट्रेनने गेली.

बीटल्सबद्दल वाद नाही. बीटल्स १९७० साली फुटले, तोपर्यंत गाडीत रामराज्य असतं. भांडण त्यापुढच्या पन्नास वर्षांचं. दादाच्या मते १९७३ च्या 'बँड ऑन द रन' या अल्बमनंतर या माणसाने सन्मानाने निवृत्त व्हायला हवं होतं. मेहुण्याच्या मते खरा पॉल २००५ नंतरच सुरू होतो. मधली बत्तीस वर्षं दोघांनीही वाऱ्यावर सोडलेली. त्या बत्तीस वर्षांत तो बापडा रोज सकाळी उठून गाणी करत होता, याची कोणालाच काही पडलेली नाही.

वादाची पद्धत अशी. दादा गाणं लावणार. वीस सेकंद झाली की त्याचा अंगठा पॉजवर पडणार. मग मान माझ्याकडे वळवून, "ऐकलंस?" मी म्हणणार, "अजून तो तोंड उघडायचाय." "तेच तर!" आणि तिथून पुढे दहा मिनिटं भाषण. मग मागून हात येणार, फोन मागे जाणार, दुसरं गाणं, पुन्हा वीस सेकंद, पुन्हा पॉज. पहिल्या दोन तासांत माझ्या एकवीस गाण्यांच्या सुरुवाती ऐकून झाल्या. शेवट एकाचाही नाही.

मी तटस्थ आहे, असा दोघांचा समज. म्हणून निकाल माझ्याकडून हवा होता. तटस्थ माणसासारखा दुर्दैवी प्राणी नाही. त्याला दोन्हीकडचं ऐकावं लागतं.

समीक्षकांना पॉल उशिरा कळतो, याचा मेहुण्याने पहिला पुरावा काढला तो 'रॅम'. १९७१ चा अल्बम. तेव्हा 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने त्याची अशी काही सालटी काढली होती, की साठच्या दशकातलं रॉक कुजत कुजत तळाला गेलं ते इथे, अशा अर्थाचं लिहिलं होतं. आणि त्याच मासिकाने २०२० मध्ये सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली, तेव्हा हाच 'रॅम' ४५० व्या नंबरवर.

"म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी कळलं त्यांना," मेहुणा म्हणाला.

"कळलं कसलं? ४५० वा!" दादा म्हणाला. "त्याच्या वर चारशे एकोणपन्नास आहेत. शाळेत असा नंबर आला असता तर बापाने घरात घेतलं नसतं."

इथे मला मेहुण्याची बाजू बरोबर वाटली होती, पण मी हॉर्न वाजवून वेळ मारून नेली.

समीक्षकांनी त्याला 'गुळगुळीत प्रेमगीतंच लिहितोस' म्हणून टोचलं, तेव्हा पठ्ठ्याने 'सिली लव्ह साँग्ज' नावाचंच गाणं केलं, आणि अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाच्या यादीत ते १९७६ चं पहिल्या नंबरचं गाणं ठरलं. ही गोष्ट दोघांनाही आवडते. दादा ती 'बघ, तेव्हापासूनच गुळगुळीत' म्हणून सांगतो आणि मेहुणा 'बघा, कशी जिरवली' म्हणून.

१९८० च्या 'मॅकार्टनी टू'वरून मात्र हातघाईवर आलं. एकट्याने घरी बसून सिंथेसायझरशी खेळत केलेला तो अल्बम. तेव्हा त्याला हसले. आता त्याला काळाच्या पुढचा म्हणतात. दादाने वीस सेकंद लावला आणि म्हणाला, "हे काळाच्या पुढचं? मिक्सरमध्ये चमचा राहिलाय." मेहुणा काही क्षण गप्प राहिला आणि मग त्याने त्याला ठेवणीतला आदर दाखवला. एरवी 'अहो दादा' म्हणणारा हा मुलगा म्हणाला, "आपला अधिकार मोठा आहे, दादासाहेब." यावर दादाचा 'तू'सुद्धा उतरला. "नाही, नाही. तुम्हीच थोर." मराठी माणसं एकमेकांना आदर देऊ लागली की ड्रायव्हरने वेग कमी करावा. मी केला.

मग 'कमबॅक'. गेली चाळीस वर्षं त्याच्या दर दुसऱ्या अल्बमला कोणी ना कोणी 'दमदार पुनरागमन' म्हणत आलं आहे. दादाचं म्हणणं, परत यायला माणूस आधी कुठे गेला तरी पाहिजे. हा तर गावातच आहे. त्यातल्या त्यात २००५ चा 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड' दादाही मान्य करतो, पण श्रेय देतो निर्माता नायजल गॉडरिचला. त्याने पॉलच्या नेहमीच्या वादकांना घरी बसवलं आणि खुद्द पॉललाही 'हे गाणं चालायचं नाही' असं सांगितलं. "आयुष्यात एक तरी माणूस 'नाही' म्हणणारा लागतो," दादा म्हणाला. वहिनी हयात आणि उत्तम तब्येतीत आहेत, त्यामुळे हे तो अनुभवावरून बोलत असावा.

पण खरं युद्ध आवाजाचं. २०१८ चा 'इजिप्त स्टेशन' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला, १९८२ नंतर पहिल्यांदाच. त्यात आवाज खरखरीत झालाय, कडेने उसवलाय. मेहुणा म्हणतो, त्या उसवण्यातच सगळं आहे. दादा म्हणतो, कौतुक वयाचं चाललंय, गाण्याचं नाही. पूर्वी समीक्षक 'तू आता बीटल नाहीस' म्हणून मारायचे, आता 'तू कधीकाळी बीटल होतास' म्हणून सोडून देतात. हे वाक्य मला इतकं पटलं की मी चुकून मान डोलावली. मागून ताबडतोब आवाज आला, "भाऊजी, तुम्हीसुद्धा?"

ती भरपाई म्हणून मी माझं मत सांगितलं. मला २०२० चा 'मॅकार्टनी थ्री' आवडतो. सगळं जग घरात अडकलेलं असताना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवत अल्बम करून मोकळा झाला. त्याच काळात मी आमच्या गळक्या नळाचा वॉशरसुद्धा बदलू शकलो नव्हतो. दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं. "हे संगीताबद्दलचं मत नाही," दादा म्हणाला. "नळाबद्दलचं आहे," मेहुण्याने दुजोरा दिला. दोन तासांतलं त्यांचं पहिलं एकमत.

मग मेहुण्याने हुकमाचं पान टाकलं. जून २०२२, इंग्लंडमधला ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सव. ऐंशीवा वाढदिवस होऊन आठवडा झालेला आणि हा अडीच तासांवर मैदान गाजवतो. "आणि बहुतेक जुनी गाणी मूळ पट्टीत!"

"तेच चुकतंय. उतरवा ना पट्टी! कोणी अडवलंय?" दादा म्हणाला. "पोचत नाही तिथे कशाला हात घालायचा? थांब, तुला खरा आवाज ऐकवतो." आणि त्याने १९७० चं 'मेबी आय अॅम अमेझ्ड' लावलं.

वीस सेकंद झाली. मी अंगठ्याची वाट पाहिली. अंगठा आला नाही. दादा मांडीवर ताल धरून बसला होता. तिशीही न गाठलेला तो आवाज वर चढू लागला तसा दादाही गुणगुणू लागला, मग चक्क गाऊ लागला, डोळे मिटून, आणि जिथे पॉल किंचाळतो तिथे दादाही किंचाळायला गेला. मधेच काहीतरी फाटलं. शिट्टी आणि खोकला यांच्या मधला एक आवाज निघाला आणि विरला. गाडीत पॉल एकटाच गात राहिला.

मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग पाण्याची बाटली पुढे करत अगदी हळू म्हणाला, "दादा, पट्टी उतरवायची का?"

दादाने पाणी प्यायलं, झाकण नीट लावलं आणि माझ्याकडे वळला.

"तू पुढे बघून चालव."