नाळ आणि कावीळ : तो मेसेज पुढे पाठवू नका

वडोदऱ्यात आपल्या मराठी ग्रुपांवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय : 'नाळ लगेच कापायला सांगा, उशीर केला तर ६० टक्के बाळांना कावीळ होते, संशोधनाने सिद्ध.' काल दांडिया बाजारातली सातवा महिना लागलेली एक मुलगी तो दाखवत घाबरून माझ्याकडे आली, म्हणून लिहितेय.

मी नर्सिंगच्या मुलींना संशोधनपद्धती शिकवते. हा आकडा कुठून आला असावा ते सांगते. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात १५ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. काविळीसाठी दिव्याखाली ठेवावी लागलेली बाळं : नाळ लगेच कापलेल्यांत २.७४ टक्के, उशिरा कापलेल्यांत ४.३६. ही वाढ साधारण ६० टक्क्यांची, पण प्रत्यक्षात १०० बाळांमागे दोनाहूनही कमी. 'वाढ' हा एक शब्द गळला आणि सगळा अर्थच फिरला! शिवाय उशिरा कापलेल्या बाळांत तीन ते सहा महिन्यांनी लोहाची कमतरता कमी दिसली, ते मेसेजमध्ये नाहीच.

जागतिक आरोग्य संघटना किमान १ मिनिट थांबायला सांगते. नाळेला बोट लावलं की ठोके लागतात. त्या वेळात रक्त बाळाकडे जात असतं. बाळाला लगेच कृत्रिम श्वास द्यावा लागणार असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय तिथल्या डॉक्टर-सिस्टरांचा.

पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर मात्र ताबडतोब दाखवा.

ज्यांनी मेसेज पाठवलाय, त्यांनी तो काढून त्याच ग्रुपवर हा खुलासा टाकावा, ही कळकळीची विनंती.